फुकटातली लिफ्टवाली

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा आता बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. खरं तर फोनच करणार होते. पण फोनवर आपण तिसऱ्या मिनिटाला भांडतो आणि पाचव्याला कुणीतरी ठेवून देतं. पत्रात निदान मधेच तोडता येत नाही.

बातमी आहे, बसून वाच. तुझ्या प्रकाशकांचा मला निरोप आलाय. हो, तुझ्याच! मी साइटवर ‘चष्मेवाली’ या नावानं वर्षभर दर गुरुवारी जी गोष्ट फुकट टाकते ना, ती ‘लिफ्टवाली’ त्यांना पुस्तक म्हणून काढायची आहे. निरोप आला तेव्हा मी दुकानात एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत होते. मी फ्रेम उलटीच बसवली, तेव्हा आजोबांनीच मला विचारलं, तुम्हाला नीट दिसतंय ना.

पण अटी आहेत. साइटवरची सगळी सेहेचाळीस प्रकरणं काढून टाकायची. शेवटचं सत्तेचाळिसावं फक्त पुस्तकात द्यायचं. आणि एक तृतीयांश मजकूर कापायचा. उत्तर महिनाअखेरपर्यंत हवंय.

ताई, मला काही सुचेना. पुस्तक व्हावं असं कुणाला वाटत नाही? लहानपणापासून मी तुझी पुस्तकंच तर बघत आलेय. पण माझे वाचणारे? एका हॉस्पिटलातली नर्स आहे, तिनंच मला दोन मजल्यांमधे लिफ्ट अडकली की काय करतात ते सांगितलं. एक बाई डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या आईला दर गुरुवारी वाचून दाखवते. त्यांना शेवटच्या प्रकरणाच्या दारापर्यंत आणायचं आणि आता विकत घ्या म्हणायचं, हे बरं दिसेल का? आणि गोष्ट काढली की तिच्याखालच्या त्यांच्या प्रतिक्रियाही पुसल्या जाणार.

तू वीस वर्षं त्या माणसाला ओळखतेस. तू म्हणशील तसं करीन.

माया आहे तेवढी राहू दे, आणि उत्तर लवकर दे.
तुझी
धाकटी


ता. ९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

अभिनंदन. हा शब्द आधीच लिहून टाकते, नाहीतर राहून जायचा.

आई असती तर म्हणाली असती, कानामागून आली आणि तिखट झाली. मी म्हणत नाही. मी फक्त एवढंच सांगते, की माझी चौथी कादंबरी त्याच माणसाच्या कपाटात एकोणीस महिने पडून आहे. विचारायला गेले की विचार चालू आहे म्हणतो आणि मला पंख्याखालची खुर्ची देतो. एकेक प्रकरण मी सात-सात वेळा लिहिलंय. तू दोन गिऱ्हाइकांच्या मधे, अंगठ्यानं, फोनवर लिहितेस. असो. ज्याचं त्याचं नशीब.

सल्ला मागितलास म्हणून देते. नाही म्हण. स्पष्ट नाही. पुस्तकाचं जग दुरूनच साजरं दिसतं. तो तुझी गोष्ट कापून कापून तिचा सांगाडा करील, आणि वर मुखपृष्ठावर लिफ्टचं चित्र टाकील. सातव्या मजल्यावरच्या त्या म्हातारीला तू चार प्रकरणं खेचलंस, ती काय ठेवणार आहे तो? पहिल्या फटक्यात जाईल. शिवाय फुकट वाचणारे दुकानात जाऊन पुस्तक घेतात, असं मी तरी कधी ऐकलं नाही. इकडचे वाचक नाराज होतील, तिकडचे येणार नाहीत, आणि तू मधल्या मधे लोंबकळत राहशील. तुझी फुकटातली लिफ्टवाली जिथे आहे तिथेच सुखी आहे.

तुझ्या त्या साइटवर मी फिरकत नाही हे तुला माहीत आहे, डोळ्यांना त्रास होतो. हे मी निव्वळ अनुभवानं सांगतेय. यात माझा काही स्वार्थ नाही.

गुडघा पुन्हा दुखतोय.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.
तुझी
ताई


ता. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा सल्ला मानला. नकाराचं पत्र लिहून परवा पोस्टात टाकलं. आता दोन दिवस झाले, चष्म्यांचे नंबर चुकतायत माझे. मालकीणबाईंनी आज विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना.

आता एक गोष्ट सांगते, रागावू नकोस. साइटवर फिरकत नाहीस, तर सातव्या मजल्यावरची म्हातारी तुला कुठं भेटली गं?

माझ्या गोष्टीखाली पाचव्या प्रकरणापासून ‘काटेकोर’ नावाचं कुणीतरी लिहितं. बाकीचे छान, मस्त, पुढचं कधी, एवढंच म्हणतात. हा काटेकोर मात्र ऱ्हस्व-दीर्घापासून सुरुवात करतो आणि शेवटी माझी सालटी काढतो. अकराव्या प्रकरणाखाली त्यानं लिहिलं होतं की गोष्ट नायिका दार लावते तिथंच संपली, पुढचा सगळा मामाचा उंबरा आहे. वाचकांनी विचारलं, मामाचा उंबरा म्हणजे काय. काटेकोर थेट पुढच्या वेलांटीवर! आता, आपला मामा निघतो निघतो म्हणून एका पायात चप्पल घालून उंबऱ्यावर पाऊण तास बोलत उभा राहायचा, हे जगात तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? लांबलेल्या शेवटाला तो शब्द आपल्याच घरात होता.

तेव्हापासून मला माहीत आहे. बोलले नाही, कारण बोलले असते तर तू थांबली असतीस. मी लिहायला शिकले ती तुझ्या त्या टोचण्यांवर. दर शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी पहिल्यांदा काटेकोर बघायचे, मग बाकीचे.

आणि तुला वाटत असेल मत्सर फक्त तुलाच येतो, तर ऐक. तुझं पहिलं पुस्तक आलं तेव्हा बाबांनी त्याला खाकी कव्हर घातलं आणि मला सांगितलं, ओल्या हातानं शिवू नकोस. माझे हात कोरडे होते, ताई. वीस वर्षं झाली, अजून जळते मी त्या कव्हरावर. म्हणून तर मी फुकटात शिरले. तिथं बाबाही नव्हते आणि तूही नव्हतीस, असं मला वाटलं होतं.

तुझा सल्ला का मानला विचारशील, तर काटेकोर माझ्याशी कडू बोलला असेल, पण एका शब्दानंही खोटं बोललेला नाही. तोच विश्वास ठेवला.

चूक झाली असेल तर कान धर, पण धरायला ये.
तुझी
धाकटी


ता. २२ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी आधी चिडले, मग पंखा बंद केला, मग पुन्हा लावला. विश्वासाची ती ओळ वाचवेना. काटेकोर खोटं बोलला नसेल, पण ताई बोलली. तो सल्ला खोटा होता. पोटात एक आणि ओठात एक.

मी जळते तुझ्यावर. घे, लिहिलं. तुझ्या एका प्रकरणाखाली दोनशे बारा प्रतिक्रिया होत्या, मी मोजल्या. माझ्या तीन पुस्तकांना वीस वर्षांत अकरा पत्रं आली आणि त्यातली चार एकाच निवृत्त पोस्टमास्तरांची, त्यांना छपाईच्या चुका काढायचा नाद आहे. काटेकोर होऊन मी पहिल्यांदा लिहिलं ते तुला टोचावं म्हणूनच. तर तू दुसऱ्या दिवशी चूक दुरुस्त करून वर माझे आभार मानलेस! मला इतका संताप आला की मी सहावं प्रकरणही वाचलं. मग सातवं. मग गुरुवारची वाट बघायला लागले, त्याचाही संताप.

याहून वाईट पुढे आहे. जानेवारीत प्रकाशकानं मला विचारलं होतं, साइटवर कुणी चष्मेवाली फार छान लिहिते, तुम्ही तिला ओळखता का. मी म्हटलं, ओळखत नाही. एका दमात म्हटलं, धाकटे. आणि घरी येऊन नीट जेवले.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्या ऑफिसात गेले. दोन जिने, गुडघा बोंबलत होता. तुझा नकार त्याच्या टेबलावर काचेच्या गोळ्याखाली होता. मी सांगितलं की ही माझी सख्खी बहीण, नकार माझ्या सांगण्यावरून आहे आणि मी तो जळफळाटानं दिलाय. तो माणूस वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत होता. मग मी भांडले. तासभर. पहिली दहा प्रकरणं साइटवर फुकट राहतील. बाकीची काढण्याआधी महिना द्यायचा, म्हणजे तुझ्या नर्सला आणि त्या आईला निरोप घेता येईल. तुला विचारल्याशिवाय एक ओळ कापायची नाही. शेवटचं प्रकरण मात्र त्यानं सोडलं नाही, ते पुस्तकातच. मलाही तेच बरोबर वाटतं. हा सल्ला खरा आहे.

निघताना त्यानं कपाट उघडलं आणि माझी कादंबरी परत दिली. भाषा देखणी आहे म्हणाला, पण पान उलटावंसं वाटत नाही. आणि तुझ्या गोष्टीत वाटतं म्हणे. मी म्हटलं, तिथं तर पानच नाही. तो हसला. मला हसता आलं नाही.

तुझं पुस्तक मार्गी लावून आणि माझं पिशवीत घालून जिना उतरले. फार दुखतंय, आणि मी गुडघ्याबद्दल बोलत नाही. मला समजावू नकोस. अजून जळतेच आहे. सही करून टाक, माझा विचार बदलायच्या आत.

आशीर्वाद देण्याची लाज वाटते, तरी दिले आहेत.
तुझी
ताई


ता. ३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सही केली. साइटवर सांगून टाकलं. काहींनी शिव्या घातल्या, काही विकली गेली म्हणाले. नर्सनं लिहिलं की पुस्तक मागवीन, पण गुरुवारी डबा खाताना वाचायची मजा गेली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं मलाच चष्मा लागलाय.

तू भांडलीस म्हणून पुस्तक होतंय, हे मी विसरणार नाही. आणि ‘ओळखत नाही’ हेही नाही. दहा वेळा वाचलं मी ते वाक्य. बाहेरच्या कुणी म्हटलं असतं तर दोन दिवसांत विसरले असते. एवढ्यात तुझ्याकडे येणार नाही. येईन तेव्हा कळवीन. तू तेव्हा नीट जेवलीस, हे लिहायला नको होतंस.

तुझी कादंबरी परत आली याचं वाईट वाटलं. खरं सांगायचं तर, आधी अगदी क्षणभर बरंच वाटलं. मग वाईट वाटलं. तू सगळं लिहिलंस, म्हणून मीही लिहिते.

प्रकाशकांचा काल फोन होता. छपाईआधी मुद्रितं कोण तपासणार, असं विचारत होते. त्यांच्याकडे एक तपासनीस आहेत, फार अनुभवी. मी नको म्हटलं. तुझं नाव दिलं. माफ केलं म्हणून नाही, ताई. मला माझ्या पुस्तकात एकही चूक राहायला नको आहे, आणि माझी ओळ न् ओळ इतक्या मत्सरानं वाचणारं या जगात दुसरं कुणी नाही.

पहिलं पाकीट सोमवारी निघेल. लाल शाई भरून ठेव.

राग आहे, त्याच्याखाली लोभही आहे, तो शोधून घ्यावा.
तुझी
धाकटी