गोटीरामच्या होडीचे कागद

१० नोव्हेंबर २०२४

घेतली! दोन वल्ह्यांची फायबरची होडी, गंगापूर धरणापलीकडच्या नवसाबाईकडून. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बत्तीस वर्षं पाण्याची वाफ केली, आता उरलेलं आयुष्य पाण्यावर काढायचं. अनसूया म्हणाली, "पोहता येत नाही आणि म्हणे होडी!" बायकोचं बरोबरच असतं, पण ऐकतो कोण.

होडी नवसाबाईच्या नवऱ्याची, गोटीरामची. चार वर्षांपूर्वी जाळी टाकायला गेला. होडी काठाला लागली, तो नाही. पुष्कळ शोधलं, काहीच सापडलं नाही. ती म्हणते, "पडून पडून खराब व्हती. न्या तुम्ही. ते आले का नवी घेतील." मी नुसती मान डोलावली.

१८ नोव्हेंबर

होडी नावावर करायला सरकारी कचेरीत गेलो. नवसाबाईकडे कागद म्हणजे एक पावती, तीही वाळवीने खाल्लेली. खिडकीतले गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, "मालकाची सही आणा. मालक वारले असतील तर मृत्यूचा दाखला आणि वारसाचं प्रतिज्ञापत्र." बेपत्ता आहे म्हटलं, तर कोर्टात जा, आणि त्यालाही सात वर्षं पुरी व्हावी लागतात. म्हणजे अजून तीन! तोवर हे गुडघे धरणापर्यंत तरी नेतील का?

बाहेर जीवन नावाचा एजंट भेटला. "दाखल्याचं मी बघतो काका. तुम्ही फक्त बाईचा अंगठा आणा."

तेव्हाच घरी यायला हवं होतं.

२१ नोव्हेंबर

अंगठा आणला.

होडीच्या नावबदलीचा कागद आहे, असं सांगितलं. तिने विचारलं, "यांचं नाव ऱ्हाईल ना कागदावर?" म्हटलं, राहील. खोटं नव्हतं ते! "कुठं हे? दावा बरं." कागदावर होतं – 'मयत गोटीराम'. मी 'मयत'वर बोट ठेवलं आणि पुढचं नाव दाखवलं. तिने त्यावरून हात फिरवला.

तिला वाचता येत नाही. तरी मी झाकलं.

२२ नोव्हेंबर

चहा कडू लागला. अनसूया म्हणते, साखर तेवढीच आहे.

१ डिसेंबर

अनसूयाला सगळं सांगितलं. "जित्याजागत्या माणसाला मारलंत?"

"जिवंत आहे कशावरून?"

"आणि मेला कशावरून?"

शेवटी एवढंच – "आधी तिला जाऊन सांगा."

गेलो. तर नवसाबाई खुशीत! साहेबांनी यांचं नाव सरकारी कागदावर घातलं, असं वाडीभर सांगून आलेली. वालाच्या शेंगा दिल्या पिशवीभर. त्या घेऊन परत आलो. तोंड उघडलंच नाही. शरम वाटते लिहिताना.

१२ डिसेंबर

होडी माझ्या नावावर झाली. नंबर मिळाला. महिनाभर ज्याची वाट पाहिली ते हातात आलं, आणि पेढे आणावेसे वाटले नाहीत.

जीवन सहज बोलून गेला, त्या कागदाची एक प्रत जुन्या मालकाच्या पत्त्यावर पोस्टाने जाते. हे आधी का नाही बोललास, विचारलं. "नेहमीचंच आहे काका."

पोस्टमनच्या आधी पोचलं पाहिजे. उद्याच जातो.

१३ डिसेंबर

गेलो नाही. गुडघा दुखत नव्हता, बस होती, काही कारण नव्हतं. मी भित्रा आहे.

१९ डिसेंबर

नवसाबाई आली. दोन बस बदलून, हातात तो कागद. वाटलं, आता शिव्या खायच्या. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पायरीवर बसली, पाणी प्यायली. म्हणाली, "पोष्टमननं वाचून दावलं, मयत म्हून. सरकारनं लिव्हलं म्हंजी खरंच आसंल. दादा, कुठं घावले ते?"