मधली टकटक

दि. १४ जून, रविवार, दुपार

प्रिय धाकट्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील, म्हणून आधीच सांगतो, बाबा ठीक आहेत. म्हणजे होते तसे आहेत. तुझ्या वहिनीची टाच दुखते, आणि ती दुखणारच, कारण सांगितलेल्या चपला ती घालत नाही. माझी पाठ मधूनमधून धरते. दुकान चालू आहे. हल्ली दुरुस्तीला येतं ते सगळं चिकटवलेलं असतं, स्क्रू म्हणून नाही. कोणी उघडू नये याच हेतूने बनवलेलं. मी तरी उघडतो. पण आताशा उघडून झालं की थोडा वेळ नुसताच बसतो.

फोन का नाही केला, असं म्हणशील. फोनवर मी सूचना देतो आणि तू 'हं' म्हणतोस. पत्रात निदान तुझं 'हं' मला ऐकू येत नाही.

आपली मालिका पुन्हा सुरू झाली, हे मी तुला सांगायची गरज नाही. तरी माझ्या बाजूने सांगतो, कारण माझी बाजू तुला माहीत नाही.

जुन्या मालिकेच्या चाहत्यांचा नेटवर एक गट आहे. मी त्यात बऱ्याच वर्षांपासून आहे आणि तिथे मला सगळे 'मिस्त्री' म्हणतात. यानाचं दार आत उघडतं की बाहेर, कप्तानाच्या खुर्चीला हात आहेत की नाहीत, असल्या गोष्टींवरून जुंपली की शेवटी कोणीतरी लिहितं, 'मिस्त्रींना विचारा.' मग मी जुना भाग लावून, थांबवून, नीट बघून सांगतो, आणि विषय मिटतो. हे मला आवडतं. लपवण्यासारखं त्यात काही नाही. तुझी वहिनी म्हणते, "घरात तुमचं कोणी ऐकत नाही, म्हणून अंतराळात जाऊन बसता." म्हणू दे.

नवी मालिका लागली आणि गटात रडारड सुरू झाली. जुन्यात दर भागाला एक संकट यायचं आणि भाग संपायच्या आत निस्तरायचं. आपण निवांत झोपायला मोकळे. आता एकच गोष्ट सगळ्या पर्वभर ताणली आहे. जुन्या यानावरची ती मेकॅनिक बाई आता म्हातारी होऊन परत येते आणि कप्तान तिच्याशी बोलत नाही. का बोलत नाही, ते कोणी सांगत नाही. तिसऱ्या भागात तर दोघं एका खोलीत नुसते बसून आहेत आणि खिडकीबाहेर एक ग्रह मागे मागे जातो आहे. 'शेपटीतारा' नावाचा एक आगाऊ प्राणी आहे, त्याने लिहिलं, 'हे यान आहे की दवाखान्याबाहेरचं बाकडं?' लोक खूप हसले. 'कप्तानाची काकू' म्हणून एक बाई आहेत, त्या म्हणाल्या की मला हा भाग आवडला, मी दोनदा पाहिला. तर त्यांना, 'काकू, पहिल्यांदा डोळा लागला असेल,' असं ऐकून घ्यावं लागलं. मी एवढंच नोंदवलं की दार सरकतं दाखवलंय ते चूक आहे, जुनं दार बिजागरीवर होतं. त्या खोलीबद्दल मी काही लिहिलं नाही.

आणि सगळ्यात जास्त शिव्या बसल्या सुरुवातीच्या संगीताला. तू वाचल्याच असशील. चाल जुनीच आहे, पण मध्ये एका जागी ती दमल्यासारखी खाली घसरते, मग लाकडावर बोटं वाजवावीत तशी टक् टक् होते, आणि चाल पुन्हा उठून चालू लागते. 'कुरिअरवाला आलाय, दार उघडा कोणीतरी.' 'संगीतकाराच्या घरची वीज गेली वाटतं.' 'याने मूळ धून आयुष्यात एकदा तरी ऐकली आहे का?' आणि मग नेहमीचं: 'मिस्त्री, तुम्ही बोला.'

मी बोलणारच होतो. पहिला भाग बाबांच्या खोलीत लावला होता. दुकानात जोडलेले मोठे स्पीकर मी त्यांच्या कपाटावर बसवले आहेत, कारण टीव्हीचा स्वतःचा आवाज म्हणजे डब्यात माशी. बाबांचा पलंग अर्धा वर केलेला होता. धून झाली, आणि मी तिथल्या तिथे फोनवर लिहायला घेतलं: 'मूळ धुनेत या जागी उतार नाही. ही उघड चूक आहे.' पण दुसऱ्यांदा ऐकल्याशिवाय मी काही पाठवत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून मागे नेऊन पुन्हा लावली.

या वेळी टकटक दोन ठिकाणांहून आली. एक स्पीकरमधून. एक पलंगाच्या कठड्यावरून.

मला वाटलं, कठडा सैल झाला असेल, स्पीकरच्या दणक्याने थरथरत असेल. तपासला. घट्ट होता. तिसऱ्यांदा लावली, आणि चाल खाली घसरायला लागल्याबरोबर आवाज पूर्ण बंद केला. खोलीत काहीही वाजत नव्हतं. बाबांनी डावा हात उचलला आणि मधल्या बोटाच्या पेराने कठड्यावर वाजवलं. टक् टक्. आजारपणानंतर त्यांनी हाताने आपणहून केलेली ही पहिली गोष्ट. उजवी बाजू गेलेली, तोंडातून शब्द नाही, पाणी हवं की नको तेही डोळ्यांवरून ओळखायचं. आणि ही टकटक अगदी जागच्या जागी.

मी भागाच्या शेवटी येणाऱ्या नावांच्या पाट्या थांबवून थांबवून वाचल्या. 'शीर्षकसंगीत' म्हणून तुझं नाव रंगभूषावाल्यांच्या आणि वाहनचालकांच्या मध्ये होतं. तू कळवलं नाहीस. कळवलं असतंस तर मी काय म्हटलं असतं, याचा तू अंदाज केला असणार. तो बरोबर आहे.

आता तांत्रिक बाजू. ही तुला माहीत नाही, तू तेव्हा पलंगाखाली लपण्याइतका लहान होतास. आईने ती धून टीव्हीसमोर माइक धरून आपल्या रेकॉर्डरवर घेतली होती, तुला झोपवायला. टेप त्या एका जागी चुरगळलेली होती, म्हणून कॅसेट तिथे जड फिरायची. रेकॉर्डरचा रबरी पट्टा ढिला झालेला, तो नेमका तिथे घसरायचा. वेग कमी झाला की सूर खाली बसणारच. मग बाबा पेपर न सोडता रेकॉर्डरच्या झाकणावर दोनदा टकटक करायचे, पट्टा पकड घ्यायचा आणि गाणं पुढे जायचं. रोज. तुला वाटायचं, गाणं तसंच आहे.

मग मी तो पट्टा बदलला. माझी आयुष्यातली पहिली दुरुस्ती. कोणी शिकवलं नव्हतं, झाकण उघडून नुसतं बघून बघून केली. धून कशी सरळ वाजली. आईने शेजाऱ्यांना बोलावून ऐकवली. तू तेवढा भोकाड पसरलंस, 'दादाने गाणं मोडलं.' दोन घास जेवायला तयार नव्हतास. मी तुला म्हटलं होतं की मोडलेलं होतं ते मी नीट केलं. तांत्रिकदृष्ट्या माझं आजही तेच म्हणणं आहे.

(वहिनीने चहा आणून ठेवला होता, तो गार झाला. पुन्हा गरम करून आलो.)

काढलेला कुठलाही भाग मी फेकत नाही. म्हणून परवा माळ्यावरून डबे खाली घेतले. तो जुना पट्टा परत बसवावा आणि मूळ कॅसेट बाबांना ऐकवावी, असं डोक्यात होतं. कॅसेट सापडली, रेकॉर्डर सापडला, पट्ट्याचा डबाही सापडला. पण रबर इतकी वर्षं राहिलं की वितळतं. डब्याच्या तळाशी नुसतं काळं डांबर होतं. बोटांना लागलं ते रॉकेलनेसुद्धा नीट निघालं नाही, या कागदाच्या कोपऱ्यावर जो डाग दिसतो आहे तो त्याचाच. तेव्हा ते गाणं आता रेकॉर्डरवर कधीच वाजणार नाही. ते तू केलंस तेवढंच उरलं आहे.

आणि आता मालिकावाल्यांनी जाहीर केलंय की चाहत्यांच्या मागणीला मान देऊन पुढच्या पर्वात धून 'दुरुस्त' करणार. गटात लोक एकमेकांचं अभिनंदन करत आहेत. मला खरंच फार थकवा आला ते वाचून.

बाबांना व्यायाम द्यायला बाई येतात. त्यांना मी टकटक दाखवली. त्या म्हणाल्या, "हे तुम्ही कसं जमवलंत?" मी म्हटलं, "मी नाही, धाकट्याने." त्या म्हणाल्या, "मग त्यांना बोलवा की. आवडीच्या माणसासाठी पेशंट हात उचलतात." तुझी वहिनी दारात उभी होती. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त ऐकू येतं.

बाबांना जेवण तीच भरवते. तिला बाहेर जायचं असलं तर शेजारच्या काकू येतात. मी भरवायला गेलो तर बाबा तोंड मिटून घेतात. ओठ असे घट्ट, की मग मी वाटी खाली ठेवतो आणि कठड्याचे स्क्रू तपासतो. तू गेलास त्या दिवसापासून हे असंच आहे. मी तुला सांगितलं नव्हतं. वहिनीनेही सांगितलं नसणार.

चमच्याचं मी बरोबर सांगत होतो. डॉक्टरांनीच दाखवलं होतं, चमचा सपाट आणि खालून न्यायचा, हनुवटी खाली, नाहीतर ठसका लागतो. तू वरून नेत होतास. पण तू नेत होतास आणि ते खात होते, तुझ्याकडे बघून अर्ध्या तोंडाने हसत होते, आणि मी मध्ये येऊन तुझ्या हातातला चमचा काढून घेतला. म्हणालो, "एक काम धड येतं का तुला?" तू वाटी ठेवलीस, पिशवी उचललीस. बाबांनी सगळं पाहिलं. त्यांचे कान शाबूत आहेत.

ती तिसऱ्या भागातली खोली मी चार वेळा पाहिली. गटात सांगितलेलं नाही.

हे एवढं लिहून झाल्यावर मघाशी गटावर माझं मत टाकलं. 'नवी धून जशी आहे तशीच बरोबर आहे. तिला हात लावू नये. कारण सांगणार नाही. – मिस्त्री.' शेपटीताऱ्याने विचारलं, 'मिस्त्री, तब्येत बरी आहे ना?' कप्तानाच्या काकूंनी फुलाचं चित्र पाठवलं. वहिनीला दाखवलं तर ती म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा कारण न देता काहीतरी बोललात." याने मालिकावाले निर्णय बदलतील असा माझा भ्रम नाही. मी फक्त नोंद केली.

पुढच्या रविवारी शेवटचा भाग आहे. नंतर धून टीव्हीवर लागणार नाही. मी ती साठवून ठेवली आहे, रोज लावूही शकतो. पण दर वेळी टकटक केल्यावर बाबा मान वळवून दाराकडे बघतात. थोडा वेळ बघतच राहतात. मी तिथे उभा असलो तरी माझ्या पलीकडे बघतात.

तू ये. तुझी खोली झाडून ठेवली आहे, खिडकीची कडी बसवली आहे, पलंगाचा करकर आवाज मात्र काढलेला नाही, तो राहू दिला आहे. जेवायच्या वेळेला पोचशील असं बघ. मी दुकानात असेन. चमचा तुला हवा तसा धर.

तुझा,
गाणं मोडणारा दादा