न मोजलेले दोन फटके

तीर्थरूप बाबा,
तुम्हाला आणि आईला वाकून नमस्कार.

मला नियम माहीत नव्हता, की मी मुद्दाम विचारला नाही?

ऑफिसची गोल्फची स्पर्धा झाली. कमीत कमी फटक्यांत चेंडू खड्ड्यात घालायचा आणि आपले फटके आपणच कार्डावर लिहायचे. माझी काठी दोनदा नुसती हवेत फिरली, चेंडू ढिम्म. कुणी पाहिलं नाही, मीही लिहिलं नाही. आमच्या संघाने गोदामवाल्यांच्या संघाला एका फटक्याने हरवलं आणि चषक मिळवला.

नंतर मैदान राखणारे काका हसत म्हणाले, "पोरी, हवेतलेही मोजतात. मोठमोठ्यांची ऐट इथे तेवढ्यानेच उतरते."

तुमचा गुडघा कसा आहे? धाकटी अभ्यास करते, की माझ्या पदवीच्या फोटोला वेडावून दाखवते? मी वेळेवर जेवते. मला नोकरीत कायम करायचं की नाही, हे साहेब याच आठवड्यात ठरवणार आहेत. आईला एवढ्यात सांगू नका.

कारण आज सकाळी साहेबांसमोरच मी कार्डावर दोन फटके वाढवले, खाली सही केली आणि चषक गोदामात नेऊन दिला.

तुमची,
शहाणी