मेंढपाळाच्या नावावरची धून

हॅलिफॅक्स,
६ मार्च १९८४

प्रिय एनिड,

गुडघा कसा आहे? तुझ्या फ्रँकने यंदा कोबी लावला का? मी बरा आहे. म्हणजे, एका जागी बसवत नाही इतकंच. हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. मधे दोनदा उठून गल्लीला चकरा मारून आलो.

काम ठीक चाललंय. गेल्या महिन्यात डेन्मार्कला अकरा कार्यक्रम झाले. उजव्या हाताची नखं आता टिकत नाहीत, टेबल-टेनिसच्या चेंडूचे तुकडे चिकटवून गिटार वाजवतो. हस खुशाल. "गिरणीत राहिला असतास तर नखं शाबूत राहिली असती," असं तू म्हणायचीस. बोटं गेली असती, हे माझं तेव्हाचंच उत्तर.

मुद्द्यावर येतो. काल इथल्या पबच्या माडीवर ब्रिजेट नावाच्या मुलीने तुझी धून वाजवली. आमच्या लोकसंगीतवाल्यांची रीत तुला ठाऊक आहे: कुणाकडून घेतलं ते आधी सांगायचं, मग वाजवायचं. ती म्हणाली, "ही वॉर्फडेलच्या सेथ मेटकाफ या मेंढपाळाची. त्याच्याकडून रूबेन गार्साइडनी घेतली, आणि ते आज इथेच बसलेत!" टाळ्या पडल्या. मग म्हणाली, "रविवारी मी त्याची कबर शोधून काढली. फुलं ठेवून आले."

एनिड, मेंढपाळ कधी नव्हताच! कुणा भलत्याच मेटकाफला बिचारीने डॅफोडिल वाहिले. मला आधी हसूच फुटलं. उठून खरं सांगायला हवं होतं. उठलो खरा, आणि झुकून टाळ्या घेतल्या.

पासष्ट साली हेब्डन ब्रिजच्या पबच्या माडीवर ती पहिल्यांदा वाजवली, तेव्हा त्या मंडळींना जुनं तेच सोनं होतं. माझ्या बहिणीने इस्त्री करता करता रचलीय म्हटलं असतं, तर निम्मे लोक बिअर आणायला उठले असते. म्हणून मेंढपाळ. एकदा मेंढपाळ म्हटलं की त्याला नाव लागतं, मग दाढी, मग कुत्रा. पुढे रेकॉर्डवरही 'पारंपरिक' असं छापलं गेलं.

हे तुला पूर्वी लिहिलंय. तू त्या रात्री तिथे होतीस हे मला माहीत नव्हतं, असंही लिहिलं होतं.

ते खोटं आहे. तू दुसऱ्या रांगेत होतीस, निळ्या कोटात. आता हा माझं नाव घेईल म्हणून तू शेजारच्या मिसेस ऑग्डनना कोपराने डिवचलंस. ते मी पाहिलं. पाहिलं, आणि मेंढपाळ म्हणालो. मध्यंतरानंतर तुझी खुर्ची रिकामी होती, आणि मी आणखी छान वाजवलं. त्याची लाज सगळ्यात जास्त वाटते.

आज सकाळी ब्रिजेटला गाठून सगळं सांगितलं. "मग एकोणीस वर्षं गप्प का बसलात हो?" तिने विचारलं. मी सरळ फोनकडे गेलो. रेकॉर्ड पुन्हा निघतेय. तिच्यावर तुझं नाव घाला, असं कंपनीला फोन करून सांगितलंय. पण तेवढ्याने भागत नाही. येत्या शुक्रवारी मी हेब्डन ब्रिजला आहे, त्याच माडीवर. तू येच, असं म्हणायला मला तोंड नाही. नाही आलीस तरी तुझं नाव घेईन. आलीस, तर या वेळी तुझ्याकडे बघून घेईन.

तुला पाहूनही खोटं बोललेला
तुझा भाऊ,
रूबेन