शेल मुका झाला त्याची गोष्ट

४ नोव्हेंबर २००३, भातसानगर

आजपासून माझ्या शेल प्रोग्रॅमला तोंड वळवायला शिकवायचं. तीन महिने खपून लिहिलाय, पण प्रत्येक उत्तर पडद्यावरच ओकतो! > लिहिलं की उत्तर फाइलीत गेलं पाहिजे, < लिहिलं की फाइलीतून वाचता आलं पाहिजे. पुण्याच्या मुलाखतीत साहेबांनी नेमकं तेच विचारलं. "अजून नाही," मी म्हणाले. तरी नोकरी दिली! वीस तारखेपर्यंत हो-नाही कळवायचंय.

५ नोव्हेंबर

अण्णा धरणावर वायरलेस ऑपरेटर. सकाळी पाण्याची पातळी कळवून आले नि माझ्या मागे उभे. "शेल म्हंजे काय गो?" म्हटलं, आपण सांगू ते कॉम्प्युटरला पोचवणारा मधला माणूस. "म्हंजे मीच की!" खूश! एका बोटानं टाइप केलं — नमस्कार, ओव्हर. न कळलेली ओळ शेल तशीच परत म्हणून दाखवतो. "नमस्कार, ओव्हर — समजलं नाही." अण्णा डोळ्यांत पाणी येईतो हसले. आई गेल्यापासून दोन वर्षांत असं हसणं नव्हतं. फार गोड दिसतात हसताना.

८ नोव्हेंबर

शेणव्याहून गोजाआत्या आली. "तू गेलीस तं बारकूला, तुज्या बापाला, कोन जेवाया घालील?" अण्णा भिंतीकडे बघत बसले. मी सरळ विचारलं, तुमचं काय म्हणणं?

"तुझं तू बघ गो."

झालं! ना हो, ना नाही. वायरलेसवर घसा फोडून बोलतात, घरात मात्र मिठाची गुळणी. डोकंच फिरलं.

९ नोव्हेंबर

< जमलं!! > अजून रुसलेलं.

११ नोव्हेंबर

ठरलं. जात नाही. दोन दिवसांत अण्णांनी तीनदा भात करपवला. यांना एकटं सोडून कुठं जाऊ? नकाराचं पत्र लिहिलं. रडले थोडी. पण अण्णा मला हवेत, नोकरी काय, दुसरी मिळेल.

१३ नोव्हेंबर

सकाळी > चाललं. आज्ञांची यादी सुतासारखी फाइलीत गेली! शेल तसाच सुरू ठेवून पत्र रजिस्टरनं पाठवायला घाईत शहापूरला पळाले. जीप मिळेना, पोचेपर्यंत पोस्ट बंद. पत्र घेऊन परत.

दारातच अण्णा. "तुझा वायरलेसवाला मुका झाला गो. कवाधरनं त्याच्याशी बोलतोय, एक उत्तर नाय." एवढं बोलून ड्यूटीवर गेले.

चूक माझीच. तोंड वळवायचं ते फक्त त्या एका आज्ञेचं. मी अख्ख्या शेलचंच वळवून ठेवलं. म्हणजे सकाळपासूनचं त्याचं सगळं बोलणं त्या फाइलीत.

१३ नोव्हेंबर, पुन्हा

फाइल उघडली. यादीच्या खाली अण्णा. अक्षरं इंग्रजी, बोली आमची.

"पोरगी माज्यासाठी थांबतेय — समजलं नाही."

"भात येतो मला. तिच्या इचारात करपला — समजलं नाही."

"जा म्हनायचं हाय, तोंड उघडलं का रडू येतं — समजलं नाही."

"तूच सांग तिला — समजलं नाही."

पत्र फाडलं. पुण्याला हो कळवतेय. चूक दुरुस्त करायला बसले होते, पण हात उचलेना. राहू दे चार दिवस. अण्णांना आणखी काही बोलायचं असेल.