खालच्या चौकटीपासून

७ जानेवारी

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

तुझा सातवा विजय काल पाहिला. अभिनंदन. आनंदाचा भाग इथे संपला, पुढचं बसून वाच.

अगं, हे काय खेळणं? फळ्यावर सहा विषय, प्रत्येकाखाली पाच चौकटी. वर सोपे प्रश्न आणि थोडे गुण, खाली अवघड प्रश्न आणि जास्त गुण. वरून सुरुवात करायची, एक विषय संपवायचा, मग दुसऱ्याला हात घालायचा, हे सांगावं लागतं का? तू तोंड उघडतेस तीच तळाची चौकट मागायला. ती झाली की टुणकन भलत्याच विषयात. नद्यांवरून हाडांवर, हाडांवरून राजघराण्यांवर. शेजारचे दोघे स्पर्धक रस्ता चुकल्यासारखे बघत होते. आणि त्या लपवलेल्या दोन दुप्पटच्या चौकटी! सापडली की हवे तेवढे गुण पणाला लावा. बरोबर आलं तर तेवढे वाढतात, चुकलं तर तेवढे जातात. मी बारा वेळा जिंकलो, पण पाव हिश्शाच्या वर कधी लावलं नाही. तू सगळेच्या सगळे लावतेस, आणि वर हसतही नाहीस.

वाचनालयात लोक मला विचारतात, ती तुमचीच भाची ना? विचारण्याचा सूर मला आवडत नाही. वीस वर्षं झाली तरी लोक मला सभ्य विजेता म्हणून ओळखतात, शाळा बक्षीस समारंभाला बोलावतात. ज्ञानाचा खेळ आहे तो, सट्टा नव्हे.

फोन न करता पत्र पाठवतोय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. दवाखान्यात उपाशी राबू नकोस. राग आला तरी माया आटू देऊ नये.

तुझा मामा

१४ जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र टाइप केलेलं, खाली सहीसुद्धा नाही. मला वाटलं घर रिकामं करायची नोटीस आली. भूगोलाचा मास्तर निवृत्त झाल्यावर कचेरी उघडून बसला की काय?

आता माझं ऐक, आणि इथे मला मध्येच तोडता येणार नाही. दुप्पटच्या चौकटी जवळजवळ नेहमी खालच्या ओळींत असतात. मी जुने भाग पाहून ते ताडलंय. म्हणून मी तळापासून सुरू करते. मला सापडली तर माझा फायदा, आणि निदान समोरच्याच्या हाती तरी लागत नाही. उड्या मारते, कारण एका विषयात माणूस रुळला की त्याला उत्तरं सुचत जातात. मी कुणालाच रुळू देत नाही. प्रश्न वाचून झाल्यावर दिवा लागतो, त्याआधी बटण दाबलं तर ते क्षणभर मुकं होतं. सगळे दिव्याकडे बघत बसतात. मी सूत्रसंचालकाचा शेवटचा शब्द ऐकते. उत्तर नक्की आठवायच्या आधीच दाबते आणि मिळालेल्या पाच सेकंदांत आठवते. आणि हो, मी जाडे ग्रंथ वाचले नाहीत, मुलांची चित्रांची पुस्तकं वाचली. तिथे सगळ्याची तोंडओळख लागते, सखोल कशाचंच लागत नाही. यात सट्टा कुठे आला?

निर्मात्यांच्या सहायक बाईंनी मला रंगभूषेच्या खोलीत बोलावून गोड आवाजात सांगितलं की जरा क्रमाने खेळा, प्रेक्षकांना धाप लागते. मी म्हटलं, नियम दाखवा. त्यांनी कागद चाळले आणि म्हणाल्या, नियम नाही, संकेत आहे. मी त्यांना सांगितलं की संकेत सांभाळायला मी इथे पाहुणी म्हणून आलेले नाही.

दवाखान्यातही तेच. परवा एक बाई तोंडात कापूस असतानाच मला ऐकवत होत्या की त्या वयस्कर स्पर्धकाला एखादा प्रश्न तरी सोडायचा होता. मी म्हटलं, आ करा. गेल्या वर्षी टाय लावलेला एक तरुण असाच उड्या मारत खेळला, तर पेपरांनी त्याला धाडसी म्हटलं. माझ्यासाठी हावरट हा शब्द काढला. शब्द त्यांचा, त्यांच्याकडेच राहू दे.

रागाव हवा तेवढा, पण लोभ पातळ करू नकोस.

तुझी चिंगी

२ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

तेरावा विजय. माझा विक्रम गेला. छान वाटलं म्हणालो तर खोटं होईल.

त्या लोकांचं मला निमंत्रण आलंय. विशेष भाग, जुना विजेता विरुद्ध नवी विजेती, दोघंच. मी हो म्हणून कळवलंसुद्धा. तुझ्या उड्या जवळून बघायची फार इच्छा आहे. तयारीला लाग, आणि मामा आहे म्हणून गाफील राहू नकोस.

भेटीअंती हिशेब, तोवर आशीर्वाद.

मामा

९ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अ. आ.

हे पत्र वाचून फाडून टाक, आणि मामाला सांगू नकोस.

त्याने तुला कळवलं नसणार. गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर त्याचा उजवा हात थरथरतो. कप डाव्या हाताने धरतो, माझ्याकडे आला की शर्टाचं बटण लावायला मुद्दाम आतल्या खोलीत जातो. पत्र टाइप का करतो, ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. असल्या हाताने तो तुझ्यापुढे बटण काय दाबणार? सगळ्यांसमोर हसं होईल गं त्याचं.

तू म्हणशील आई काहीतरीच सांगते. पण एकदा, फक्त एकदा, किंचित उशिरा दाब. कुणाला कळणार आहे? तुझ्याकडे दवाखाना आहे, तरुण वय आहे, तेरा विजय आहेत. त्याच्याकडे ना बायको ना पोर, एवढं एक नाव तेवढं आहे. दुकानात शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय म्हणून मला यायला जमणार नाही, आणि खरं सांगू, बघायचा धीरही नाही. म्हातारीचं एवढं ऐक.

जीव तुझ्यापाशी ठेवून,
आई

१३ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

नाही. मी उशिरा दाबणार नाही.

हाताचं वाचून मी दवाखान्याचं दार लावून अर्धा तास बसले होते, हेही तुला कळू दे. पण आई, तू मागतेस ती त्याची थट्टा आहे. त्या सहायक बाईंनीही काल तेच सुचवलं. म्हणाल्या, लोकांना आवडेल, डोळ्यांत पाणी येईल. मी म्हटलं, डोळ्यांत पाणी आणायला कांदा चिरा, माझ्या मामाला कशाला चिरता? तो तिथे उभा राहायला तयार झाला तो स्वतःच्या हिमतीवर. त्याला माझ्या दयेवर जिंकवायचं, आणि मग जन्मभर आपण दोघींनी त्याच्यासमोर तोंडं शिवून बसायचं? तू दिवसभर शिवतेस, पण हे तुला जमणार नाही.

मामाला मी काही सांगणार नाही. सांगायचं ते तूच सांग.

माझ्यावर चिडलीस तरी ‘जेवलीस का’ विचारायचं सोडू नकोस.

तुझी चिंगी

२० फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

अक्षर पाहून दचकू नकोस, डाव्या हाताचं आहे. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा टाइप करायचंही कारण नाही.

ताई काल येऊन सगळं बोलली आणि रडली. मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. मग आम्ही दोघांनी चहा घेतला. तू तिला नाही म्हटलंस हे तिने तक्रार म्हणून सांगितलं, मी मात्र ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

त्या कार्यक्रमवाल्यांचा फोन आला होता. म्हणाले, वय पाहता तुमचं बटण क्षणभर आधी चालू करू. मी विचारलं, मग उत्तरही आधी कानात सांगाल का? सध्या मेजावर दाराची घंटा ठोकून डाव्या हाताने सराव चाललाय. खालच्या मजल्यावरचा वकील दोनदा वर येऊन गेला. त्याला वाटतं दाराशी कुणी तरी उभं आहे आणि मी उघडत नाही.

तुझे सगळे भाग पुन्हा पाहिले. काय पाहिलं ते सांगणार नाही. एकच बजावतो, पापणी लवण्याइतकाही उशीर केलास तर मला कळेल, आणि मी तिथेच सगळ्यांसमोर खेळ सोडून निघून जाईन.

लोभ असावा, दया नसावी.

मामा

६ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

चित्रण आज झालं. टीव्हीवर येईल तेव्हा तू बघशीलच, पण त्याआधी माझ्याकडून ऐक.

पहिली चौकट निवडायचा मान मामाला मिळाला. सूत्रसंचालक हसत म्हणाला की आता पुन्हा शिस्तीत खेळ बघायला मिळेल. मामाने सर्वांत अवघड विषयाची तळाची चौकट मागितली. माझ्याच कानांवर माझा विश्वास बसेना. उत्तर दिलं, आणि लगेच टुणकन दुसऱ्या विषयाच्या तळाला. डावा हात असा चालत होता की पहिल्या फेरीत मी निम्म्या वेळा मागे पडले. पहिली दुप्पट त्यालाच सापडली. होते तेवढे सगळे लावले आणि जिंकले. मी आई, उशीर केला नाही. करून चाललंच नसतं, मीच बुडत होते.

मग दुसरी दुप्पटही त्यालाच लागली. तो चांगला पुढे होता. थोडे लावून गप्प बसला असता तर मला गाठणं कठीण होतं. सूत्रसंचालकानेसुद्धा जपून म्हणून सुचवलं. मामा त्याला म्हणाला की मी इथे जपून राहायला आलेलो नाही, आणि सगळे लावले. प्रश्न होता, मागावर कापड विणताना आडव्या जाणाऱ्या धाग्याला काय म्हणतात. तो म्हणाला, ताणा. चूक. फळ्यावर त्याच्या नावापुढे शून्य.

पुढे तो शून्यातून चार प्रश्न माझ्या हातातून हिसकावून वर आला, पण अंतर फार झालं होतं. शेवटच्या प्रश्नाला आपापले गुण गुपचूप लावायचे असतात. माझे त्याच्या दुपटीहून जास्त होते. मी एवढेच लावले की चुकले तरी तो मला गाठणार नाही. एका गुणाचीही फट ठेवली नाही.

टाळ्या पडल्या नाहीत. कुणी तरी मागून मला निर्दय म्हणालं. सूत्रसंचालक मामाच्या पाठीवर हात ठेवून हळहळायला लागला, तेव्हा मामाने तो हात बाजूला केला आणि सगळ्यांदेखत आपला उजवा हात माझ्यापुढे केला. थरथरणारा, जसा आहे तसा. मग त्याने लोकांना सांगितलं की हिने मला काही दिलं नाही आणि मी काही मागितलं नाही. ज्यांना हळहळायचं असेल त्यांनी घरी जाऊन हळहळावं.

मी त्याचा हात दोन्ही हातांनी धरला.

पाठीवर हात राहू दे.

तुझी चिंगी

१० मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

ताणा? उभा तो ताणा, आडवा तो बाणा! जन्म गेला माझा कापडात, सख्खा भाऊ पाठीला पाठ लावून वाढलेला, आणि एवढं येऊ नये? अंगात इतका बाणा आहे, तो नेमका तोंडात यायला नको होता. एरवी आडवं जाणं तुम्हां मामा-भाचीला शिकवावं लागत नाही.

काल भाग लागल्यापासून दुकानात बायका चुकचुकत होत्या की पोरीने मामाचं नाव घालवलं. मी कात्री खाली ठेवली आणि सांगितलं की माझा भाऊ हरला आणि माझी मुलगी जिंकली, दोन्ही माझीच, ज्यांना त्रास होतोय त्यांनी गणवेश दुसरीकडे शिवावेत. कुणी गेलं नाही.

मी तुला कमी लेखलं. पुन्हा नाही लेखणार.

तुझी ताई

१ एप्रिल

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

तुझा भाग लागल्यापासून इथे माझी गंमत चालली आहे. एका पेपराने लिहिलं की भाचीने सभ्य विजेत्याला बिघडवलं. एका शाळेने बक्षीस समारंभाचं निमंत्रण परत घेतलं. वाचनालयात एक गृहस्थ म्हणाले, तुम्ही तुमच्या पद्धतीने हरला असता तरी आम्हाला अभिमान वाटला असता. बघ, मी हरणार हे त्यांनी आधीच धरलेलं, फक्त ते नीटनेटकं व्हावं एवढीच इच्छा. मी त्यांना सांगितलं की मी जिंकायला गेलो होतो. वीस वर्षांत वाचनालयाच्या त्या बाकावर मला इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

आता खरी बातमी. कार्यक्रमाचं नवं नियमपत्रक आलंय. मी साध्या स्पर्धकांच्या निवडीसाठी अर्ज केला होता, म्हणून मलाही एक मिळालं. पुढच्या हंगामापासून प्रत्येक विषय वरच्या चौकटीपासूनच खेळायचा. तुला वाईट वाटेल, म्हणून मुद्दाम लिहितोय की वाटून घेऊ नकोस. मी बारा वेळा जिंकलो, त्यांना नियमांतला काना-मात्राही बदलावा लागला नाही. तुझ्यासाठी त्यांना अख्खा खेळ बदलावा लागला. माझा विक्रम मोडलास तेव्हा हेवा वाटला होता. आज त्याहून जास्त वाटला.

मी ते पत्रक तीनदा वाचलं. वरून सुरू करा असं लिहिलंय. पण एक विषय संपवल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नका, असं कुठेही लिहिलेलं नाही. उड्या मारायला रान मोकळं आहे.

रविवारी ये. घंटा मेजावरच आहे, आणि वकिलाला मी सांगून ठेवलंय की आता दोघं वाजवणार.

माया आहे तशीच राहो, खोडही तशीच राहो.

तुझा हरलेला मामा