पाडव्याआधीचा निरोप

पोर्ट लुई,
२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल इथं देशभर सुट्टी होती. १८३५ साली याच दिवशी मॉरिशसमध्ये गुलामगिरी बंद झाली. आमच्या साखर कारखान्याचं ऑफिसही बंद होतं. पळालेले गुलाम ज्या डोंगरावर लपत, त्याच्या पायथ्याशी लोक फुलं घेऊन गेले, मीही गेलो. तिथं आपला येडबा आठवला. तो सालगडी म्हणून आला तेव्हा मी सातवीत होतो. त्याला सुट्टी कधी असायची, ते काही आठवेना. तुला आठवतं का?

बाबांना तू उचलू नकोस. तुझी कंबर म्हणजे आपल्या गावचा रस्ता, दर पावसाळ्यात उखडते.

माया असू दे.
तुझा भागवत


गंगाखेड,
६ एप्रिल २०२५

चि. भागवत यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मलाही आठवलं नाही. उत्तराला उशीर केला, त्याचं कारण लिहिते.

मार्चच्या मध्यावर येडबाच्या पोराचा, अमृतचा, मला फोन आला. त्याला पूर्णेला रेल्वेत नोकरी लागली, क्वार्टर मिळालं. रजा नाही म्हणून येता येईना. बापाकडं फोन न्हाई, तुमीच सांगा, पाडव्याला साल सोडून या म्हणावं, लय केलं त्यांनी, असं म्हणाला. सांगते म्हणाले.

सांगितलं नाही. अर्धांगानंतर बाबांना येडबाच उचलतो, कूस बदलतो. रोज वाटायचं, उद्या सांगू. माझ्या रोजच्या डायरीतसुद्धा हवापाणीच लिहिलं. पाडव्याला बाबांनी डाव्या हातानं नवं धोतर आणि नारळ दिला, येडबानं घेतला. म्हणजे पुढचं साल ठरलं. तिसऱ्या दिवशी निरोप सांगितला.

तो म्हणाला, सालाचं धोतर घेतलंय की आता, ताई, आता कसं जावं. पोराला सांगा, फुडल्या पाडव्याला बघू. निरोप कधी आला ते त्यानं विचारलं नाही. मीही बोलले नाही. मग बाबांना उन्हात बसवायला गेला.

वाईट वाटायला हवं होतं. मी भाजी निवडत बसले.

जपून राहा, आठवण ठेव.
तुझी ताई, राजेश्री


पोर्ट लुई,
२७ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. तुझ्यावर रागवावं, असं दुसऱ्यांदा वाचताना वाटलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं, चला, बाबांची वर्षभराची सोय झाली. हे तुझ्यापासून लपवत नाही.

अमृतचा पुन्हा फोन आला, तर काय सांगणार आहेस?

माया कमी करू नकोस.
भागवत